नीती शिकवता येते का? १८८२ चा एक वाद आणि खानदेशातील त्याची उत्तरे

१.
शाळेत नीती शिकवावी की नाही, यावर महाराष्ट्रात फारसा वाद झालेला नाही. शिकवावी, असे जवळजवळ सर्वांनाच वाटत आले. वाद पेटला तो त्यापुढच्या प्रश्नावर. नीती कशातून शिकवायची? पाठ्यपुस्तकातून, धर्मग्रंथातून, बुद्धीच्या कसोटीतून, की शिक्षकाच्या वागण्यातून? आणि कोणाची नीती? या वादाची सुरुवात मुंबई-पुण्याकडे दिसते. पण त्याची फार मोलाची उत्तरे धुळे आणि अमळनेर या दोन गावांत सापडतात. आजचा धागा त्या उत्तरांचा माग काढणारा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात मराठी शालेय पुस्तके छापली जाऊ लागली, तेव्हा सुरुवातीच्या पुस्तकांतच नीतिकथा होत्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेल्या इसापच्या कथा १८२८ सालच्या. कोल्हा, द्राक्षे, सिंह, उंदीर, आणि शेवटी तात्पर्य. या कथांची सोय अशी होती की त्यांत कोणाचाच देव नव्हता. त्यामुळे त्या ना मिशनऱ्यांना खटकल्या, ना शास्त्रीमंडळींना, ना कंपनी सरकारला.

३.
पण ‘कोणाचाच देव नको’ ही नुसती सोय होती की धोरण? १८५४ च्या वुडच्या खलित्याने ते धोरण म्हणून स्पष्ट केले. सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असेल. बायबल ग्रंथालयात ठेवता येईल, विद्यार्थ्याने स्वतःहून विचारले तर शिक्षक शाळेच्या वेळेबाहेर उत्तर देऊ शकतील. वर्गात मात्र धर्म शिकवला जाणार नाही. चार वर्षांनी राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. शाळेतील धर्माचे दार अशा रीतीने बंद झाले.

४.
मग तक्रार सुरू झाली. इंग्रजी शिकलेले तरुण उद्धट झाले, वडीलधाऱ्यांना जुमानत नाहीत, ना धर्माचे उरले ना नीतीचे. ही तक्रार मिशनरी करीत, कारण त्यांना ‘निर्देव’ शिक्षण मान्य नव्हते. सनातनी करीत, कारण शेंडी-संध्या सुटत होती. सरकारी अधिकारीही करीत, कारण हेच तरुण वर्तमानपत्रांतून सरकारवर टीका करू लागले होते. एकाच शब्दाने तिघे तीन वेगळी दुखणी सांगत होते. ‘नीतीचा ऱ्हास’ हे शब्द जुन्या कागदांत दिसले की बोलणारा नेमका कशाने अस्वस्थ आहे हे आधी पाहावे, ही इतिहासाच्या अभ्यासकाने लावून घ्यायची पहिली सवय.

५.
आता मुख्य प्रसंग. ३ फेब्रुवारी १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांनी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगाने नैतिक शिक्षणाबाबत महाविद्यालयांसाठी दोन शिफारशी केल्या. पहिली, ‘नैसर्गिक धर्मा’च्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिविषयक पाठ्यपुस्तक तयार करून पाहावे, ते सरकारी आणि खाजगी अशा सर्व महाविद्यालयांत शिकवता यावे. दुसरी, प्राचार्यांनी किंवा एखाद्या प्राध्यापकाने दर सत्रात माणसाची आणि नागरिकाची कर्तव्ये या विषयावर व्याख्यानमाला द्यावी.

६.
‘नैसर्गिक धर्म’ म्हणजे काय? कोणत्याही पोथीचा आधार न घेता, केवळ माणसाच्या बुद्धीला पटावीत अशी धर्मतत्त्वे: जगाचा कोणी कर्ता आहे, सदाचार त्याला प्रिय आहे, आणि अशीच काही. अठराव्या शतकातील युरोपीय विचारातून आलेली ही कल्पना. आयोगाला वाटले, यावर तरी हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती साऱ्यांचे एकमत होईल.

७.
या शिफारशीला आयोगाच्या आतूनच विरोध झाला. विरोध करणारे सभासद होते काशीनाथ त्रिंबक तेलंग. मुंबईचे वकील, संस्कृतचे पंडित, वय अवघे बत्तीस. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि नीतीच्या पाठ्यपुस्तकाला असहमती नोंदवली. विशेष पाहा: याच १८८२ साली मॅक्स म्यूलरच्या ‘पौर्वात्य पवित्र ग्रंथ’ मालेत तेलंगांनी केलेले भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले होते. गीता जगापुढे मांडणारा विद्वान महाविद्यालयात नीतीचे पुस्तक नको म्हणत होता.

८.
या विरोधात विसंगती नाही. आयोगाच्या योजनेतील दोन अडचणी कोणालाही ताडून पाहता येतील. पहिली तटस्थतेची. ‘जगाचा कर्ता आहे’ हे विधान सर्वांना मान्य कुठे आहे? सांख्य, जैन, बौद्ध या आपल्या जुन्या परंपरा कर्त्या ईश्वराशिवाय उभ्या आहेत, आणि त्यांची नीती कोणाहून शिथिल नाही. म्हणजे सर्वांसाठी म्हणून लिहिलेले पुस्तकही कोणा एकाचेच होणार. दुसरी अडचण वयाची. मिल आणि कालिदास वाचणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाला ‘चोरी करू नये’ हा धडा देऊन काय साधणार? सर्वमान्य पुस्तकाची ती शिफारस पुढे कागदावरच राहिली.

९.
त्याच वर्षी, त्याच आयोगासमोर, दुसऱ्या एका मराठी माणसाचे निवेदन दाखल झाले. १९ ऑक्टोबर १८८२ चे जोतीराव फुले यांचे निवेदन. फुल्यांचा रोख वेगळा होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची मूळ तक्रार. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी.

१०.
या निवेदनात फुल्यांनी खेड्यातील शाळेचा अभ्यासक्रमही सुचवला आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्याबरोबर नैतिक कर्तव्ये व आरोग्य यांवरचे काही थोडे धडे. ही यादी नीट पाहा. फुल्यांना नीतीचे धडे हवे होते. पण त्यांची जागा शेती आणि स्वच्छतेच्या शेजारी होती, रोजच्या जगण्यातील एक ज्ञान म्हणून. आणि प्रमाण थोडे होते.

११.
त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते धडे कोणी द्यायचे याबद्दल फुल्यांचे मत ठाम होते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळणारे असावेत. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरताना ज्यांना कमीपणा वाटणार नाही, असे असावेत. तेव्हा नीतीच्या धड्याआधी फुल्यांनी शिक्षकाचा हात पाहिला, असे म्हणता येईल.

१२.
हा आग्रह कुठून आला, हे समजण्यासाठी एक जुने प्रकरण आठवावे. १८५६ साली मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे दाद मागितली. एका मुलासाठी बाकीच्यांच्या भावना दुखवून शाळा ओस पाडणे योग्य नाही, अशा अर्थाचा निर्णय मुंबई सरकारने दिला. नियमाने शाळा सर्वांची होती. दार मात्र बंद राहिले. इसापच्या कथा ज्या शाळांत पाठ होत होत्या, त्याच व्यवस्थेतील ही शाळा.

१३.
फुल्यांच्या निवेदनातही या मुलांचा उल्लेख आहे. जातिभेदामुळे महार-मांगांची मुले इतरांच्या शाळेत बसू शकत नाहीत, म्हणून जिथे त्यांची वस्ती पुरेशी आहे तिथे त्यांच्यासाठी अधिक शाळा काढा, असे ते लिहितात. तेलंगांचा प्रश्न होता की नीतीचे पुस्तक तटस्थ असू शकते का. फुल्यांच्या मांडणीतून निघणारा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: जी शाळा काही मुलांना दाराबाहेर ठेवते, ती आतल्या मुलांना कोणती नीती शिकवते आहे?

१४.
याच दशकात पुण्यात एक वेगळा प्रयोग चालू होता. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. येथे नीतीसाठी वेगळे पुस्तक नव्हते. संस्थेच्या आजीव सभासदांचे त्यागाचे जीवन हाच विद्यार्थ्यांपुढचा धडा मानला गेला होता. अल्प वेतनावर आयुष्याची वीस वर्षे द्यायची. पुढे सभासदांनी बाहेरची मिळकत करावी का, बाहेरची कामे घ्यावीत का, यावरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. शिक्षकाचे चारित्र्य हाच धडा मानला, की त्या चारित्र्याची मोजमापे काढण्यावरून माणसे कशी दुरावतात, हेही या प्रकरणात दिसते.

१५.
टिळक आणि आगरकर यांची वाट नीतिशिक्षणाबाबतही वेगळी झाली. आगरकर अज्ञेयवादी. नीतीला ईश्वराचा किंवा परलोकाच्या भीतीचा टेकू लागत नाही. विवेक आणि समाजाचे हित एवढ्यावर ती उभी राहू शकते, ही ‘सुधारका’तून त्यांनी मांडलेली भूमिका. टिळकांनी १९०८ मध्ये बार्शीच्या भाषणात राष्ट्रीय शिक्षणाची कलमे सांगितली, त्यांत धर्मशिक्षणाला मानाचे स्थान दिले. आपल्या धर्माचा अभिमान नसलेले शिक्षण चारित्र्य घडवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

१६.
दोन्ही बाजूंना वजन आहे. आगरकरांचा मार्ग सर्व धर्मांच्या मुलांना सारखाच खुला आहे. पण कोरड्या विवेकाने लहान मूल हलते का, ही शंका राहते. टिळकांचा मार्ग मुलाला घरच्या भाषेत, घरच्या कथांत भेटतो. पण वर्गात अनेक धर्मांची, आणि एकाच धर्मात वर-खाली मानलेल्या जातींची मुले बसली की तो कोणाच्या घरातून जातो, हे विचारावे लागते. राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेतून विष्णू गोविंद विजापूरकरांनी उभे केलेले तळेगावचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. त्यामुळे या प्रयोगाचे पुढचे फळ पाहायला मिळाले नाही.

१७.
आता खानदेशाकडे वळू. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले: पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. तळेगावच्या विद्यालयाला ज्या समर्थांचे नाव होते, त्यांच्या वाङ्‌मयाचे मोठे संशोधनकेंद्र धुळ्यात आकार घेत होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी बाडे आणि हस्तलिखिते जमवली, प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या वाचनातून माणूस घडतो, ही त्यामागची श्रद्धा. नीतीच्या प्रश्नाचे हे धुळ्याचे पहिले उत्तर: संतवाङ्‌मय.

१८.
दुसरे उत्तर अमळनेरचे. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. तत्त्वज्ञानाचा, विशेषतः अद्वैत वेदान्ताचा, सखोल अभ्यास हा उद्देश. देशभरचे अभ्यासक येथे शिष्यवृत्तीवर येत. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ या मंदिराशी जोडला गेला. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात आत्मा आणि ब्रह्म यांची चर्चा चाले. येथे कल्पना अशी की मूळ तत्त्व स्वच्छ कळले, तर आचरण त्यामागून येईल.

१९.
या मंदिरात अभ्यासासाठी आलेला एक तरुण फार काळ तेथे रमला नाही. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव कोकणातले पालगड. १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९३० पर्यंतची ही सहा वर्षे म्हणजे आपल्या प्रश्नाचे तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत बोलके, उत्तर.

२०.
छात्रालयात साने गुरुजी काय करीत? मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या झाडून ठेवीत. विस्कटलेले कपडे घडी करून ठेवीत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. कोणाला बोल लावीत नसत. खोली झाडलेली पाहून मुलगा खजील होई आणि दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू घेई. फुल्यांनी नांगराची मूठ धरणारा शिक्षक मागितला होता. त्यानंतर चार दशकांनी खानदेशातील एका छात्रालयात उच्चवर्णीय घरातून आलेला एक पदवीधर हातात केरसुणी घेऊन उभा होता. दोघांची वैचारिक घराणी वेगळी, तरी शिक्षकाच्या हाताकडे पाहण्याची नजर एकच.

२१.
आणखी एक साधन होते: ‘छात्रालय दैनिक’. गुरुजी स्वतःच्या हाताने ते लिहीत. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, चांगल्या पुस्तकांची ओळख, छात्रालयातील बऱ्यावाईट गोष्टी. मुले वाचत, कारण ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबद्दल होते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आयोगाने ज्या पाठ्यपुस्तकाची कल्पना केली होती ते साऱ्या देशासाठी एक होते. हे ‘पुस्तक’ एका छात्रालयापुरते, आणि रोज नवे.

२२.
योगायोग असा की याच १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी आपले वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाक आणि कामे वाटून घेत. समतेवर व्याख्यान देण्याऐवजी समतेने जेवायला बसवले. धारवाडच्या त्या बंद दाराला हे खरे उत्तर. गुरुजींचे छात्रालय माणसाच्या हळवेपणावर उभे होते, भाऊरावांचे वसतिगृह रचनेवर. नीतिशिक्षणात या दोन्हींची गरज का आहे, ते पुढे पाहू.

२३.
१९३० मध्ये साने गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच विनोबा भावेही आले. ज्या माणसाने १९१६ मध्ये परीक्षेची वाट सोडून काशीची धरली होती, तो आता कैद्यांचा शिक्षक झाला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते आणि साधे सत्याग्रहीही. साने गुरुजी भरभर लिहून घेत होते. त्यांच्या लेखणीमुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे.

२४.
तेलंगांच्या भाषांतराला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. ज्यांना गीतेचे थोरपण पूर्ण ठाऊक होते त्या तेलंगांनी सरकारी नीतिपुस्तक नाकारले. धुळ्याच्या तुरुंगात मात्र गीतेतूनच नीतीचा वर्ग भरला. फरक कुठे आहे? येथे ऐकणारे प्रौढ होते. सांगणारा त्यांच्यासारखाच कैदी होता आणि जे सांगत होता त्याची किंमत मोजत होता. कोणाला हजेरी द्यायची नव्हती, कोणाला गुण मिळवायचे नव्हते. वर्ग सरकारच्या भिंतीआड भरला होता, सरकारच्या हुकमाने नव्हे. ग्रंथ तोच असूनही अशा वेळी शिक्षण वेगळे होते.

२५.
पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. आश्रमातील सोबत्यांना रात्री सांगितलेल्या आठवणी, हे तिचे रूप. छात्रालयातील रीतच ही: आधी नाते, मग गोष्ट, तात्पर्य ज्याचे त्याने काढावे. त्यानंतर जे घडले त्यात मात्र एक विपर्यास आहे. या पुस्तकातील उतारे पाठ्यपुस्तकांत आले आणि त्याखाली स्वाध्याय आले: ‘श्यामला आईने कोणती शिकवण दिली?’ उत्तर दोन ओळींत, गुण दोन. १८८२ च्या आयोगाला हवे असलेले नीतीचे पाठ्यपुस्तक असे मागच्या दाराने शाळेत आलेच.

२६.
गुरुजींच्या मार्गावरचे आक्षेपही प्रामाणिकपणे मांडायला हवेत. पहिला: हा मार्ग अश्रूंचा आहे, त्यात भावना फार आणि चिकित्सा थोडी. आगरकरांच्या वाचकाला तो पटणे अवघड. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक शाळेला साने गुरुजी कुठून आणायचे? शिक्षकाच्या चारित्र्यावर उभी राहिलेली व्यवस्था तो शिक्षक गेला की कोसळते. भाऊरावांची पंगत मात्र नियम म्हणून चालू राहू शकते. व्यक्तीचा जिव्हाळा आणि संस्थेचा नियम यांची गाठ पडली नाही, तर दोन्ही अपुरी.

२७.
पहिल्या आक्षेपाला गुरुजींच्या आयुष्यातच एक उत्तर आहे. १ मे १९४७ रोजी, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून, त्यांनी उपोषण आरंभले; ते १० मे रोजी सुटले. छात्रालयातील कोवळी माया मंदिराच्या दाराशी येऊन न्यायाची मागणी करू लागली. फुल्यांच्या निवेदनातून उभा राहिलेला दाराबाहेरच्या मुलांचा प्रश्न आणि गुरुजींच्या गोष्टी, हे दोन प्रवाह येथे एकत्र आले.

२८.
दरम्यान १९३७ मध्ये वर्ध्याला मूलोद्योगी शिक्षणाची योजना आली. गांधीजी स्वतः धर्मनिष्ठ. तरी त्यांनी या योजनेत धर्मशिक्षण ठेवले नाही. धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्यातून भांडणे होतात, आणि सर्व धर्मांना समान अशी सत्ये मुले शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातून शिकतात, अशी त्यांची भूमिका होती. तेलंगांचा संशय आणि गुरुजींची केरसुणी, दोन्हींचा अर्थ या एका निर्णयात उतरलेला दिसतो.

२९.
स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २८ ने नियम घातला: पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही, अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत संमतीशिवाय सक्ती नाही. तरी प्रश्न मिटला नाही. १९५९ मध्ये धार्मिक आणि नैतिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते श्रीप्रकाश, तेव्हाच्या मुंबई राज्याचे राज्यपाल. १९९९ मध्ये नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला: सत्य, सदाचरण, शांती, प्रेम, अहिंसा ही पाच मूल्ये, आणि सर्व धर्मांची ओळख.

३०.
त्या विचारावर आधारलेल्या २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: एखाद्या धर्माची उपासना शिकवणे वेगळे आणि धर्मांविषयी शिकवणे वेगळे, दुसरे संविधानाला बाधक नाही. मात्र या दोहोंमधील सीमारेषा फार पुसट आहे, ती सतत जपावी लागेल, असा इशारा न्या. धर्माधिकारी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात दिला. १८८२ च्या ‘नैसर्गिक धर्मा’समोर उभी राहिलेली अडचण ती हीच.

३१.
२००५ च्या आराखड्याने भर शांततेसाठीच्या शिक्षणावर दिला. २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाने धर्माऐवजी संविधानाची मूल्ये पायाभूत मानली आणि व्याख्यानाऐवजी मुलांच्या गटांतील कृतींवर भर दिला. सर्वांना समान असा ग्रंथ शोधता शोधता आपण नैसर्गिक धर्मापासून उद्देशिकेपर्यंत आलो. हा प्रवास लहान नाही. उद्देशिका कोणा एका पंथाची नाही, आणि ती दाराबाहेरच्या मुलाला आत घेण्याचे वचन देते.

३२.
तरीही एक गोष्ट उरते. उद्देशिकाही रोज परिपाठात पाठ म्हणून म्हटली, तर इसापच्या तात्पर्याइतकीच पातळ होऊ शकते. ‘समता’ म्हणून झाल्यावर पोषण आहाराच्या रांगेत कोण कोणाशेजारी बसतो, ‘न्याय’ म्हणून झाल्यावर छडी कोणाच्या वाट्याला येते, स्वच्छतागृह साफ करायला कोणत्या मुलांना पाठवले जाते, हा त्या दिवसाचा खरा धडा. मुले तो अचूक वाचतात.

३३.
मग तेलंग बरोबर की फुले? मला वाटते, दोघेही. तेलंग महाविद्यालयातील तरुणाबद्दल बोलत होते; त्याच्यापुढे तयार नीती ठेवण्यापेक्षा वाद, साहित्य आणि मोकळा विचार ठेवणे अधिक उपयोगी. फुले अशा मुलाबद्दल बोलत होते ज्याच्यापर्यंत शाळाच पोचली नव्हती. त्याला थोडे धडे हवेत, पण त्याआधी शाळा हवी आणि आपलेपणाने वागणारा शिक्षक हवा. वयाचा आणि स्थितीचा हा फरक न पाहता ‘नैतिक शिक्षण असावे की नसावे’ एवढाच वाद घालणे म्हणजे औषधाचे नाव घ्यायचे आणि रोग्याचे वय विचारायचे नाही.

३४.
मी हे देवपुरात बसून लिहितो आहे: पांझरेच्या उत्तर तीरावरचा धुळ्याचा हा भाग आज शाळा-महाविद्यालयांनी आणि शिकवणी वर्गांनी गजबजलेला आहे. धुळे-अमळनेर परिसरात संतवाङ्‌मयाचे, तत्त्वज्ञानाचे, केरसुणीचे आणि तुरुंगातील प्रवचनांचे असे चार प्रयोग काही दशकांच्या अंतरात झाले, हे येथील विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. या वादात कोणती बाजू घ्यावी हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मात्र पुढच्या वेळी एखादी मूल्यशिक्षणाची योजना जाहीर झाली, की तिच्या पुस्तकाचे नाव वाचण्याआधी एक पाहावे: ती योजना शिक्षकाकडून आणि संस्थेकडून काय मागते?

३५.
शेवटी एक विनंती. जुन्या छात्रालयांची आणि वसतिगृहांची हस्तलिखित दैनिके, नियमांच्या वह्या, पंगतीच्या नोंदी अजून कोणाच्या माळ्यावर किंवा पेटीत असतील. रद्दीत देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, जवळच्या संशोधन संस्थेला दाखवा. आयोगांचे अहवाल ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. नीती प्रत्यक्षात कशी शिकवली गेली याचा पुरावा या वह्यांत आहे, आणि तो दर पावसाळ्यात थोडा थोडा नाहीसा होतो आहे.